शाळेतली खिचडी नियमाप्रमाणे आहे का, हे पालकांनी कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, तुम्ही यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर आलात, शाळेच्या भिंतीवर '४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने' असं रंगवलंय आणि मुलगा घरी येऊन 'आज पण पिवळा भातच होता' एवढंच सांगतो. भिंतीवरचे आकडे खरे की खोटे हे तपासायचं कसं, अंडी का बंद झाली, आणि तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणतात ते खरं का, हे तुम्हाला हवंय.

मी आधी प्राथमिक शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख झालो, आणि निवृत्तीआधीची काही वर्षं तालुक्याला शालेय पोषण आहाराचंच काम पाहिलं. तपासणीला गेल्यावर मी स्वतःही बरीच वर्षं चुकीच्याच जागी पाहत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. ज्याची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला तीन किलो धान्य. आमच्याकडे तांदूळ यायचा. वाटपाच्या दिवशी पोरं दप्तराबरोबर पिशवी आणायची. त्या दिवशी वर्ग गच्च भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मा. तो तांदूळ घरच्या डब्यात जायचा आणि सगळ्या घराचा व्हायचा. त्यात गैर काही नाही, पण शाळेतल्या पोराच्या पोटात त्यातला किती गेला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की कोरडं धान्य नको, शाळेतच शिजवलेलं जेवण द्या, वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं. आज तुमचा मुलगा शाळेत गरम जेवतो तो त्या आदेशामुळे. २००६ मध्ये पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरली. सहावी ते आठवीची मुलं नंतर योजनेत आली, त्यांच्यासाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हेच आकडे परिशिष्टात गेले. म्हणजे ही आता मेहेरबानी उरलेली नाही, मुलाचा कायदेशीर हक्क आहे. २०२१ मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं, पण गावात तिला अजून खिचडीच म्हणतात.

आता उष्मांक काही डोळ्यांनी दिसत नाहीत. म्हणून सरकारने ते कच्च्या मालात उतरवून दिलेत. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट: १५०, ३०, ७५ आणि साडेसात. भिंतीवरचं विसरा आणि हे चार आकडे पाठ करा.

याची बेरीज करून बघू. १०० ग्रॅम तांदळाचे साधारण ३५० उष्मांक. २० ग्रॅम डाळीचे ६५-७०, तेलाचे ४५, भाजीचे वीसेक. झाले ४८० च्या आसपास. प्रथिनं तांदळातून सात-आठ ग्रॅम, डाळीतून साडेचार, भाजीतून एखादा. म्हणजे बारा-तेरा. नियम कसाबसा पण पूर्ण होतो.

ग्यानबाची मेख पुढे आहे. समजा स्वयंपाकात डाळ निम्मीच पडली, भाजी म्हणून दोन टोमॅटो गेले आणि तेल फोडणीपुरतं दाखवलं. पोरं उपाशी उठू नयेत म्हणून भात थोडा जास्त टाकला, शंभरऐवजी १३० ग्रॅम. या नुसत्या भाताचेच ४५० उष्मांक होतात! पोट भरलं, आकडाही भरला. भिंतीवरचं वाक्य खोटं ठरत नाही. प्रथिनं मात्र जेमतेम अकरा-बारावर अडतात, आणि जी मिळतात ती बहुतेक तांदळाची. तांदळाच्या प्रथिनांत एक घटक कमी असतो, तो डाळीतून भरून निघतो. आपल्या आज्या वरण-भात एकत्र वाढायच्या त्याला हे शास्त्र आहे. भाजीतून येणारं अ आणि क जीवनसत्त्व, लोह, हे तर गेलंच.

म्हणून मी म्हणतो की मी चुकीच्या जागी पाहत होतो. तपासणीला गेलो की तांदळाची पोती मोजायचो. साठा नोंदवहीत एवढे क्विंटल, खोलीत एवढे, फरक किती. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो, शाळेला त्याचे पैसे पडत नाहीत, आणि काही अपवाद सोडले तर तो पुरतो. भात कमी पडला म्हणून ओरड झालेली शाळा माझ्या कारकिर्दीत क्वचितच पाहिली. कमी पडतात ते डाळीचे वीस ग्रॅम, भाजीचे पन्नास आणि तेलाचे पाच. नियम पाळला जातो की मोडतो ते इथे ठरतं, आणि आमच्या तपासणीच्या नमुन्यात त्याला एक-दोन रकाने असायचे. २०२३ मध्ये केंद्राने कायद्याच्या परिशिष्टातले निकष सुधारले आणि त्यात उष्मांक-प्रथिनांच्या जोडीला सूक्ष्म पोषकद्रव्यंही आणली, ती याच उणिवेसाठी. पण शाळेच्या चुलीपर्यंत ते अजून नीट उतरलेलं नाही.

तुमच्या शाळेचा पट ४६ म्हणता, हजर साधारण ४० धरू. रोज चार किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. महिन्याचे २२ दिवस धरले तर डाळ-कडधान्य १७-१८ किलो, तेल साडेचार किलोच्या आत-बाहेर, भाजी ४४ किलो. हे आकडे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी डाळीचा डबा आणि तेलाचा कॅन बघा. महिनाभरात सहाच किलो डाळ संपली असेल तर कुणाच्या तोंडून काही ऐकायची गरज नाही. उलटही होतं बरं का. वहीत अठरा किलो संपलेली आणि ताटात पिवळं पाणी, असं असेल तर डाळ दुसऱ्या वाटेने गेलीय. पण तो निष्कर्ष लगेच काढू नका, का ते पुढे सांगतो.

रोजच्या मोजमापाला वजनकाटा लागत नाही. आमच्या तालुक्यात एक स्वयंपाकी बाई होत्या, अक्षर ओळख नव्हती. त्यांनी दुकानातून एकदा डाळ मोजून आणली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि जिथवर आली तिथे खिळ्याने ओरखडा काढला. एक पेला म्हणजे दहा पोरं. तसाच ओरखडा तेलाच्या वाटीला. सकाळी हजेरी झाली की एक मुलगा येऊन आकडा सांगायचा आणि बाई पेले टाकायच्या. मी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना हाच पेला करायला लावला. सगळ्यांनी केला असं नाही म्हणणार. पण ज्यांनी केला तिथे वरण घट्ट झालं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या समितीने पहिल्या महिन्यात एवढं एकच काम केलं तरी पुष्कळ.

आता पैशाचं. त्याशिवाय तुम्ही मुख्याध्यापकांवर उगाच चिडाल.

आहार खर्चाचा दर मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे. यात तांदूळ येत नाही. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि जळण येतं. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. चाळीस मुलांचे झाले २७१ रुपये. डाळ १२० रुपये किलो धरली तर ८०० ग्रॅमचे ९६. तेल १५० ने तीस रुपये. भाजी ४० ने ऐंशी. झाले २०६. उरलेल्या ६५ रुपयांत मीठ, मिरची, हळद, मोहरी आणि गॅस. ओढूनताणून बसतं. पण पावसाळ्यात भाजी ऐंशी रुपये किलो झाली की भाजीचेच १६० होतात आणि गणित २७१ च्या पलीकडे जातं. मग काय कमी होणार? मीठ तर कमी होत नाही.

त्यातही आपल्याकडे ग्रामीण भागात हे पावणेसात रुपये शाळेच्या हातात येतच नाहीत. डाळी, कडधान्यं, तेल, मसाला पुरवठादार शाळेला आणून देतो आणि शाळेच्या खात्यावर येतो तो फक्त इंधन-भाजीपाल्याचा भाग. तो महिनोन्महिने लांबतो. तोवर मुख्याध्यापक भाजीवाल्याकडे उधारी ठेवतात नाहीतर खिशातून घालतात. पुरवठादाराने मूगडाळ दोन महिन्यांची दिली आणि मटकी दिलीच नाही, असं झालं की शेजारच्या शाळेतून उसनी आणतात, मग त्यांची परत करतात. वहीत याचा मेळ बसत नाही. म्हणून म्हटलं, वहीतला फरक बघून लगेच चोरी म्हणू नका. आधी विचारा: पैसे शेवटचे कधी आले? माल शेवटचा कधी आला? पावती दाखवा. मी पाहिलेल्या शाळांत निम्म्याहून जास्त ठिकाणी पातळ वरणाचं कारण इथेच सापडायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि चोरी होतच नाही असंही नाही. तिचा नेहमीचा मार्ग हजेरीचा. हजर ३२, नोंद ४४. रोज बारा मुलांचा शिधा कागदावर शिजतो. काही जण तो विकतात. काही जण त्यातून गॅसची उधारी फेडतात, हेही मला माहीत आहे, आणि तपासणी करताना त्या दोघांना एकाच तराजूत तोलणं मला कधी जमलं नाही. नियमाने दोन्ही गुन्हाच. तुम्ही एवढं करा: जेवणाच्या वेळी अचानक जाऊन पंगत मोजा आणि त्या दिवशी ऑनलाइन किती भरलेत ते विचारा. वर्षातून चार-पाच वेळा केलंत तरी आकडे जागेवर येतात.

खरी पंचाईत छोट्या शाळांची आहे. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या हजारो शाळा आहेत. अकरा मुलांचे दिवसाचे होतात ७४ रुपये ५८ पैसे. अकरा जणांची डाळ २२० ग्रॅम, पण ती शिजायला कुकर तेवढाच वेळ घेतो, फोडणीला मोहरी तेवढीच लागते आणि भाजी अर्धा किलो घ्यायला बाजार तेवढाच लांब असतो. डोईमागे दर ठरवणाऱ्याने वाडीवरची शाळा पाहिलेलीच नाही, असं मला कायम वाटत आलं. माझ्या मते दराचे दोन भाग हवेत: शाळेमागे जळण-मसाल्याची एक ठरावीक रक्कम, आणि त्यावर डोईप्रमाणे डाळ-भाजीचे पैसे. मी हे दोनदा लिहून वर पाठवलं. पोच आली.

स्वयंपाकी-मदतनीस बाईंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. केंद्राने २००९ मध्ये त्यांचं मानधन महिना हजार रुपये ठरवलं, तेही वर्षाचे दहा महिने. केंद्र अजून त्याच हजारावर आहे. राज्याने आपल्या पदरचं घालून ते अडीच हजारांवर नेलं. पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस, शंभरपर्यंत दोन. म्हणजे तुमच्या शाळेत दोघी हव्यात. एकच असेल तर दुसरीचं काय झालं ते विचारा. चाळीस पोरांचं निवडणं, शिजवणं, वाढणं, चाळीस ताटं घासणं, चूल सारवणं, आणि वर 'डाळ घट्ट का नाही' म्हणून तिलाच बोलणं, हे बरोबर नाही. डाळ तिच्या हातात मोजून कोण देतं, त्याच्याकडे बघा.

अंड्यांचं आता. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने निर्णय घेतला: आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, अंड्यामागे पाच रुपये. पोरं खूश होती. हजेरी त्या दिवशी वाढायची, मला लगेच ते जुने पिशवीचे दिवस आठवायचे. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि अंडा-पुलाव, गोड पदार्थ हे शाळेच्या मर्जीवर सोडले: लोकसहभागातून पैसे उभे करा आणि द्या. म्हणजे तुमच्या शाळेत अंड्याला बंदी नाही, पैसे नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुणी 'वरून बंद झालं' म्हणालं तर हे सांगा.

माझं मत विचाराल तर हा निर्णय चुकला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या दिवसाच्या निकषाच्या निम्मी. त्यात पाणी घालता येत नाही, ते निम्मं वाढता येत नाही, आणि चाळीस मुलं असतील तर चाळीसच लागतात. देखरेखीच्या दृष्टीने अंड्याएवढा प्रामाणिक पदार्थ नाही. तामिळनाडूत आठवड्यातले पाच दिवस अंडं देतात. तिथे तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर (एम. जी. रामचंद्रन) यांनी १९८२ मध्ये पोषण आहार मोठ्या प्रमाणावर नेला, आणि २०२२ पासून तर प्राथमिकच्या मुलांना सकाळचा नाश्ताही सुरू केलाय. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडं आहे. आपलं राज्य काही त्यांच्याहून गरीब नाही. श्रावण, नवरात्र, वारकरी घरं, हे सगळं मला माहीत आहे, मी माळकरी घरातलाच आहे. त्यासाठी केळ्याची सोय होतीच की.

तोवर गावात करण्यासारखं: योजनेत 'तिथी भोजन' म्हणून सोय आहे. वाढदिवस, लग्न, पुण्यतिथी, कुणी नोकरीला लागलं, अशा निमित्ताने गावकरी मुलांना काही देऊ शकतात. लोक जिलेबी आणतात. त्यांना अंडी, शेंगदाणा चिक्की, केळी, गूळ-फुटाणे सुचवा. आणि शाळेत परसबाग असेल तर शेवगा लावा. त्याचा पाला वरणात टाकला की तो पन्नास ग्रॅम भाजीचा प्रश्न पावसाळ्यात थोडा तरी हलका होतो. नुसती कोथिंबीर आणि झेंडू लावून फोटो काढलेल्या परसबागा मी खूप पाहिल्यात.

प्लास्टिकचा तांदूळ. नाही, ते प्लास्टिक नाही. २०२१-२२ पासून शाळांना येणाऱ्या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळायला सुरुवात झाली. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घालून यंत्राने तांदळासारखा दाणा करतात आणि शंभर किलोत साधारण एक किलो या प्रमाणात मिसळतात. रंग जरा पिवळट किंवा मळकट, काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. आमच्या बायका निवडणात तरबेज. त्यांनी ते दाणे एकेक करून वेचून कोंबड्यांना घातले! एका शाळेत बाईंनी मला मोठ्या अभिमानाने वाटीभर वेचलेले दाणे दाखवले. काय बोलणार? तुमच्या शाळेतल्या बाईंना सांगा की हे वेचू नका, तांदूळ सात पाण्यांनी धुऊ नका आणि पेज काढून टाकू नका. मात्र थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेलं मूल शाळेत असेल तर त्याच्या पालकांनी लोहाबद्दल डॉक्टरांना विचारून शाळेला कळवावं. आणि हे ध्यानात असू द्या, या दाण्यांमुळे भाजीची गरज संपत नाही. काही अधिकारी तसं बोलतात.

सुरक्षिततेचं एकच सांगतो, पण ते डाळ-भाजीच्याही आधी. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ ला जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपल्याकडे कपाशी-सोयाबीनच्या गावात हे औषध नवीन नाही, आणि रिकामा कॅन धुऊन वापरायची सवयही नवीन नाही. शाळेत तेल कशात ठेवलंय ते बघा. मूळ सीलबंद डबा किंवा पिशवीच हवी. धान्याच्या खोलीत फवारणीचं, पावडरीचं काहीही नको, उंदराचं औषधही नको. मुलांना वाढायच्या आधी शिक्षक आणि आणखी एक-दोन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची, हा नियम आहे. पुष्कळ शाळांत महिन्याच्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी होतात. नोंदवही उघडली की शाई सांगते. समितीतल्या पालकांनी वार वाटून घ्या आणि चव घ्यायला खरोखर जा.

चव घ्यायला गेलात की ताटं उचलली जाईपर्यंत थांबा. वाढलेलं सगळे बघतात, उरलेलं कुणी बघत नाही. अख्खी चवळी नि मटकी पोरं वेचून बाजूला ठेवतात. बोअरच्या जड पाण्यात ती नीट शिजत नाही, टचटच लागते. रात्रभर भिजवून, शक्य तर मोड आणून शिजवली की तीच पोरं पुन्हा मागतात. वहीत वीस ग्रॅम पडले आणि त्यातले बारा शाळेमागच्या कुत्र्याने खाल्ले, तर कुत्रं धष्टपुष्ट व्हायचं. पंगत कशी बसते तेही बघा. स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असं न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं ते उगाच नाही. कुणाचं मूल घरून डबा आणून मुद्दाम वेगळं बसत असेल, तर कारण चवीचं आहे की स्वयंपाकिणीच्या जातीचं, हे गावाला माहीत असतं. समितीच्या बैठकीत तो विषय काढणं अवघड आहे. मी दोन गावांत काढला, एका गावात निभावलं.

राहिला हक्काचा भाग. २०१५ च्या केंद्रीय नियमांत एक तरतूद आहे जी पालकांना कुणी सांगत नाही. धान्य नाही, पैसे नाहीत, गॅस नाही किंवा स्वयंपाकी नाही, अशा कारणाने शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही तर राज्याने त्या दिवसांचं धान्य आणि आहार खर्चाची रक्कम मुलाला अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायची असते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदार कोण हे ठरवून कारवाई करायची असते. पैसे तात्पुरते संपले तर मुख्याध्यापकांना शाळेतला दुसरा कुठलाही निधी तेवढ्यापुरता वापरायची मुभा त्याच नियमांत आहे. बरेच मुख्याध्यापक लेखापरीक्षणाच्या धाकाने वापरत नाहीत. समितीने ठराव करून दिला तर त्यांना बळ येतं. शिजलेलं अन्न मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायचीही तरतूद आहे, अहवाल मागायचा हक्क तुम्हाला आहे.

सुरुवात कशी कराल? पहिल्याच बैठकीत नोंदवह्या मागू नका. हात दाखवून अवलक्षण होतं, मुख्याध्यापक बिथरतात आणि पुढचं वर्षभर तुम्हाला फक्त सहीपुरतं बोलावतात. आधी एक दिवस मुलांबरोबर जेवा. बाईंना पेल्याचं सांगा. मग विचारा की भाजीपाल्याचे पैसे कुठल्या महिन्यापर्यंत आलेत. मुख्याध्यापक मोकळे होतील, कारण हा प्रश्न त्यांना कुणी विचारतच नाही. थकबाकी असेल तर महिने आणि रक्कम लिहून समितीचा ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आवक क्रमांक घेऊन. शिक्षकाच्या तक्रारीपेक्षा पालकांच्या ठरावाला उत्तर लवकर येतं, मी त्या खुर्चीवर बसलेलो आहे म्हणून सांगतो. दुसऱ्या महिन्यात मग साठा नोंदवही शांतपणे मागा आणि तुमच्या पर्समधल्या कागदाशी ताडून बघा. अठरा किलोच्या जागी किती निघते ते कळवा, त्यावर पुढचं बोलू.